अठ्ठावीस सेकंद आणि पुढचं वर्ष : सॅन अँटोनियो स्पर्सचं प्रकरण

सॅन अँटोनियो स्पर्स या एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, संघाची गोष्ट सांगताना सगळे आधी पाच विजेतेपदं मोजतात : १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४. मग ‘संघाची संस्कृती’ असं काहीतरी मोघम बोलून विषय मिटवतात. मला या यादीत शेवटच्या दोन आकड्यांमधली सात वर्षांची फट जास्त बोलकी वाटते. त्या फटीतलंही जून २०१३ ते जून २०१४ हे एक वर्ष. हातात आलेलं विजेतेपद २८ सेकंदांत घालवणारा हा संघ जवळपास त्याच माणसांना घेऊन वर्षभराने परत आला आणि त्याच प्रतिस्पर्ध्याला धूळ चारून गेला. हे कसं जमलं, आणि त्यात शिकण्यासारखं किती व नशिबाचं किती, एवढाच प्रश्न इथे धरला आहे.

प्रसंग

१८ जून २०१३, मायामी. भारतात तेव्हा १९ तारखेची सकाळ होती. एनबीए फायनलमध्ये सातपैकी चार सामने जिंकायचे असतात आणि स्पर्स ३-२ असे पुढे होते. समोर लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश यांचा मायामी हीट, म्हणजे गतविजेता संघ. स्पर्सच्या टिम डंकनने पहिल्या अर्ध्यातच २५ गुण काढले होते. तिसरा क्वार्टर (सामन्याचे असे चार भाग असतात) संपला तेव्हा स्पर्स ७५-६५ असे आघाडीवर होते. मग चौथ्या क्वार्टरमध्ये लेब्रॉनच्या डोक्यावरची पट्टी निघून पडली आणि तो तसाच, उघड्या कपाळाने, अंगात आल्यासारखा खेळायला लागला. तरीही २८.२ सेकंद उरले असताना गुणफलक सांगत होता : स्पर्स ९४, हीट ८९.

मैदानाच्या कडेने कर्मचारी पिवळा दोर घेऊन उभे राहिले. करंडक देताना गर्दी आत घुसू नये म्हणून तो लावतात. मायामीचे काही प्रेक्षक तर उठून बाहेरही पडले होते.

आता सेकंद मोजून बघू. ९४ वा गुण स्पर्सच्या मानू जिनोबिलीच्या फ्री थ्रोचा, म्हणजे फाऊलबद्दल मिळणाऱ्या एका गुणाच्या मोकळ्या फटक्याचा. दोन मिळाले होते, एक गेला, एक हुकला. पलीकडे लेब्रॉनने तीन गुणांचा फटका मारला, तो हुकला. चेंडू स्पर्सच्या हाती यायला हवा होता. तो झटापटीत निसटून पुन्हा हीटकडे आणि तिथून पुन्हा लेब्रॉनकडे गेला. या वेळी नेम बरोबर बसला. ९४-९२, सुमारे २० सेकंद बाकी. हीटने लगेच कवाय लेनर्डला फाऊल केला. हा २१ वर्षांचा, दुसऱ्याच हंगामातला पोरगा. दोन फ्री थ्रो, पहिला हुकला, दुसरा आत. ९५-९२.

या क्षणी प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांच्यापुढे दोन निर्णय होते. पहिला : हीटला फटका मारू देण्याआधीच मुद्दाम फाऊल करायचा का? केला तर त्यांना दोन फ्री थ्रो, म्हणजे जास्तीत जास्त दोन गुण, आणि आघाडी तरीही एका गुणाची राहते. स्पर्सनी फाऊल केला नाही. दुसरा : डंकनला मैदानावर ठेवायचं का? पॉपोविचनी त्याला बसवून बोरिस डियॉला घेतलं.

लेब्रॉनने पुन्हा फटका मारला आणि तो पुन्हा हुकला. बॉशने उंच उडी मारून रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, ओढला. हीटचा रे ॲलन पाठीमागे न बघता उलट्या पावलांनी उजव्या कोपऱ्यात सरकत होता, तीन गुणांच्या रेषेच्या अगदी काठाने. बॉशने चेंडू त्याच्याकडे दिला, ॲलनने पाय जुळवले आणि हात सोडला. ९५-९५, ५.२ सेकंद बाकी. (याच मालिकेच्या पहिल्या सामन्यात टोनी पार्करने स्पर्सना जिंकून दिलेला फटकाही बरोबर ५.२ सेकंद उरले असताना आत गेला होता. खेळाला असली थट्टा आवडते.) जादा वेळेत हीट १०३-१०० ने जिंकले. दोन दिवसांनी सातवा सामनाही त्यांनी ९५-८८ असा घेतला. त्यात शेवटच्या मिनिटात, स्पर्स फक्त दोन गुणांनी मागे असताना, डंकनला हीटच्या शेन बॅटियरवर सोपी संधी मिळाली. ती हुकली, परत आलेला चेंडू त्याने टिपून बघितला, तोही हुकला. पलीकडे जाऊन त्याने दोन्ही हात जमिनीवर आपटले. भावना दाखवत नाही म्हणून अख्खी कारकीर्द ज्याची चेष्टा झाली, तो माणूस.

डंकनला बसवल्याबद्दल पॉपोविचवर त्या उन्हाळ्यात खूप तोंडसुख घेतलं गेलं. मला ती टीका अर्धवट वाटते. हीटला तीन गुण हवे होते आणि त्यांचे पाचही जण रेषेबाहेर पसरलेले होते. अशा वेळी उंच, जड, ३७ वर्षांचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा माणूस, बाहेरून फटका मारणाऱ्यांच्या मागे धावू शकत नाही. चपळ माणूस हवा, म्हणून डियॉ. त्याची किंमत म्हणजे रिबाउंडची ताकद कमी होते. त्या अर्ध्या मिनिटात हे दोनदा झालं. दोन्ही वेळा योजनेप्रमाणे पहिला फटका हुकवला आणि दोन्ही वेळा मोबदल्यात दिलेल्या त्याच रिबाउंडने घात केला. हिशोब चूक नव्हता, वसुली उलटी झाली. न केलेल्या फाऊलचा बचाव मात्र मला करता येत नाही.

त्याच रात्री

विजय साजरा करण्यासाठी मायामीतल्या एका इटालियन रेस्तराँमध्ये जागा आधीच ठरवून ठेवली होती. सामना गेल्यावर खोल्यांवर जाऊन दारं लावून घ्यावीत, असंच सगळ्यांना वाटत असणार. पॉपोविचनी सांगितलं, जेवायला तिथेच जायचं, सगळ्यांनी. ते स्वतः आधी पोचले, टेबलं लावून घेतली आणि खेळाडू येत गेले तसे प्रत्येकापाशी जाऊन बसले. कुणाच्या पाठीवर हात, कुणाशी दोन शब्द. लेनर्डचा एक फ्री थ्रो हुकला होता, जिनोबिलीने आठ वेळा चेंडू घालवला होता, आणि डॅनी ग्रीन, ज्याने त्याच मालिकेत रे ॲलनचा फायनलमधल्या तीन गुणांच्या फटक्यांचा विक्रम मोडला होता, त्याचे सातपैकी सहा फटके हुकले होते. (सातव्या सामन्यात तर बारापैकी अकरा.) ही सगळी माणसं दोष वाटून घेण्याआधी एका टेबलावर बसली. पुढच्या वर्षाचं बीज मला या जेवणात दिसतं, कुठल्या भाषणात नाही.

हा संघ आला कुठून

स्पर्सचा जन्म सॅन अँटोनियोतला नाही. १९६७ साली एबीए नावाची प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली, तिच्यात डॅलस चॅपरल्स म्हणून हा संघ होता. डॅलसला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. १९७३ मध्ये सॅन अँटोनियोतल्या काही व्यावसायिकांनी एकत्र येऊन तो चक्क भाड्याने घेतला, चालला तर विकत घेऊ अशा बोलीवर. तो चालला. १९७६ ला एबीए बुडाली तेव्हा तिचे चार संघ एनबीएत घेतले गेले, त्यात हा एक. जॉर्ज गर्विनच्या काळात गुण भरपूर निघाले, त्याने चारदा एनबीएचा सर्वाधिक गुणांचा मान मिळवला, पण फायनल काही दिसली नाही.

शहर लोकसंख्येने अमेरिकेतल्या पहिल्या दहात मोडतं, मात्र टीव्हीच्या जाहिरातींचा बाजार म्हणून छोटं. बहुसंख्य वस्ती हिस्पॅनिक, आणि मोठ्या व्यावसायिक लीगमधला दुसरा संघ नाही. लॉस एंजेलिस किंवा न्यूयॉर्कला नामवंत खेळाडू स्वतःहून येतात. इथे ते येत नाहीत, त्यांना घडवावं लागतं किंवा ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, मिळवावं लागतं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये हरलेल्या संघांना निवडीची संधी आधी मिळते, आणि अगदी पहिल्या जागांसाठी सोडत निघते. २०१४ पर्यंत स्पर्सना ती दोनदा फळली. १९८७ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन मिळाला. तो नौदलात अधिकारी होता, त्याची दोन वर्षांची सेवा संपेपर्यंत संघ थांबला. १९८८-८९ मध्ये २१ सामने जिंकणारा संघ रॉबिन्सन आल्यावर पहिल्याच हंगामात ५६ जिंकला.

दुसरी वेळ १९९६-९७ ची. रॉबिन्सनला आधी पाठीचं दुखणं, मग पायाचं हाड मोडलं. तो अख्ख्या हंगामात सहा सामने खेळला. शॉन एलियटही अर्धा हंगाम बाहेर. संघ ३-१५ (तीन विजय, पंधरा पराभव) असा घसरल्यावर जनरल मॅनेजर पॉपोविचनी प्रशिक्षक बॉब हिल यांना काढलं आणि त्या जागी स्वतः बसले. आज त्यांना देव मानणाऱ्या गावाने तेव्हा त्यांना बरंच काही ऐकवलं. साहजिकच होतं. बायोडाटा काय, तर वायुदलाची अकादमी, सोव्हिएत अभ्यासातली पदवी, आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून फक्त पोमोना-पित्झर या छोट्या कॉलेज संघाचा अनुभव. संघ २०-६२ वर संपला. मुद्दाम हरले असा आरोप आजही होतो. मे १९९७ च्या सोडतीत सर्वांत जास्त संधी बॉस्टनला होती, चिठ्ठी मात्र स्पर्सची निघाली आणि वेक फॉरेस्टचा टिम डंकन त्यांना मिळाला.

इथे थांबून एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. ती चिठ्ठी बॉस्टनची निघाली असती तर हे प्रकरण लिहायला घेण्याचं कारणच उरलं नसतं. पॉपोविच स्वतः हे कधी लपवत नाहीत.

डंकन कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावरचा. लहानपणी तो पोहायचा. १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळाने बेटावरचा तलाव उद्ध्वस्त झाला. पुढच्या वर्षी, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कर्करोगाने गेली. पदवी घेशील असा तिने शब्द घेतला होता, म्हणून एनबीएचे कोट्यवधी डॉलर खुणावत असताना तो चारही वर्षं कॉलेजात राहिला आणि मानसशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. पॉपोविच त्याला भेटायला बेटावर गेले आणि काही दिवस तिथे राहिले. त्या दिवसांत जमलेलं नातं एकोणीस हंगाम टिकलं. १९९९ मध्ये न्यूयॉर्कला ४-१ ने हरवून पहिलं विजेतेपद आलं.

उरलेले दोन खांब कुणाला नको होते म्हणून मिळाले. जिनोबिली १९९९ च्या ड्राफ्टमध्ये ५८ पैकी ५७ वा. निवडीनंतर तो तीन वर्षं इटलीतच खेळला. पार्कर २००१ मध्ये २८ वा, फ्रान्सचा १९ वर्षांचा मुलगा. पहिल्या चाचणीत संघाचे स्काउट लान्स ब्लँक्स यांनी त्याला इतकं रेटलं की पॉपोविचनी काही मिनिटांतच नाक मुरडलं. संघाच्या व्यवस्थापनातल्या आर. सी. ब्युफर्ड यांनी व्हिडिओ दाखवून दाखवून त्याला पुन्हा बोलवायला लावलं. अमेरिकेबाहेरचे खेळाडू म्हणजे नाजूक, असा समज तेव्हा एनबीएत सर्रास होता. स्पर्सनी त्या समजाचा फायदा उठवला. हे तिघं धरून २००३, २००५ आणि २००७ झालं. मग शुकशुकाट : २०११ मध्ये एनबीएच्या पश्चिम विभागात अव्वल असताना आठव्या क्रमांकाच्या मेम्फिसकडून हार, २०१२ मध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्ध २-० अशा आघाडीनंतर सलग चार पराभव.

त्यातच २०११ मध्ये एक कटू सौदा झाला. जॉर्ज हिल हा पॉपोविचचा लाडका खेळाडू. त्याला इंडियानाला देऊन ड्राफ्टमधली पंधरावी निवड घेतली, ती लेनर्डची. मनाविरुद्ध केलेला हा व्यवहार पुढे सर्वांत फळला आणि सर्वांत दुखलाही.

उन्हाळ्यातला निर्णय

२०१३ च्या जुलैत स्पर्सपुढे सरळ रस्ता होता : संघ मोडायचा. डंकन ३७, जिनोबिली ३६, पार्कर ३१. माईक बुडेनहोल्झर आणि ब्रेट ब्राउन हे दोन जुने सहायक अनुक्रमे अटलांटा आणि फिलाडेल्फियाचे मुख्य प्रशिक्षक होऊन निघून गेले. दर वर्षी स्पर्स म्हातारे झाले असं लिहिणाऱ्यांना या वेळी पुरावाही मिळाला होता.

संघाने जवळपास काहीच केलं नाही. सहाव्या सामन्यात आठ वेळा चेंडू घालवलेल्या जिनोबिलीला दोन वर्षांचा नवा करार दिला. टियागो स्प्लिटरला ठेवलं. गॅरी नील गेला, त्याच्या जागी इटलीचा मार्को बेलिनेली आला. हे परवडलं त्यामागे डंकनचा हात होता. एनबीएत एका संघाने सगळ्या पगारांवर मिळून किती खर्च करायचा याला मर्यादा असते. डंकनने २०१२ मध्ये तीन वर्षांसाठी तीन कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला साधारण एक कोटी घेतले होते. त्याआधीच्या हंगामात त्याचा पगार दोन कोटींच्या वर होता. निम्म्यावर आलेल्या त्या पगारात संघातल्या दुसऱ्या फळीची सोय झाली.

सराव शिबिर सुरू झालं तेव्हा पॉपोविचनी मायामीच्या त्या सामन्यांची चित्रफीत लावली आणि सगळ्यांना बसवून दाखवली. कोण कुठे उभा होता, कुणी अंग टाकलं नाही, कुणी पास उशिरा दिला. उन्हाळाभर जो तो एकट्याने मनात उगाळत असलेली ती २८ सेकंदं एकदा सगळ्यांनी मिळून, दिवे मालवून पाहिली. मग विषय बंद झाला असं म्हणता येणार नाही, तो मेपर्यंत त्यांच्या बोलण्यात येत राहिला. पण तो विषय आता सगळ्यांचा मिळून झाला होता.

मिनिटांचा हिशोब

त्या हंगामाचा सर्वांत महत्त्वाचा आकडा गुणांचा नाही, मिनिटांचा आहे. सामना ४८ मिनिटांचा. मोठ्या संघांचे मुख्य खेळाडू ३५ ते ३८ मिनिटं मैदानावर असतात. २०१३-१४ मध्ये स्पर्सचा एकही खेळाडू सरासरी ३० मिनिटं खेळला नाही. सर्वांत जास्त पार्कर, २९.४ मिनिटं. असं एनबीएत आधी कधी घडलं नव्हतं. आणि तरी ६२ विजय, लीगमधली सर्वोत्तम कामगिरी, सलग १९ सामने जिंकण्याचा संघाचा नवा विक्रम.

मुख्य खेळाडूंना जपण्याची सवय नवी नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये पॉपोविचनी मायामीतल्या सामन्याआधी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन यांना विमानात बसवून घरी धाडलं होतं. सामना देशभर टीव्हीवर दाखवला जाणार होता, त्यामुळे लीगचे आयुक्त डेव्हिड स्टर्न भडकले आणि संघाला अडीच लाख डॉलर दंड ठोठावला. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाच्या बाजूने बघितलं तर स्टर्न यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मे-जूनमध्ये ताजे पाय हवेत तर डिसेंबर-जानेवारीत बसावंच लागतं.

मिनिटं वाटायची तर घेणारे लायक हवेत. ते कोण होते बघा. डियॉला मार्च २०१२ मध्ये शार्लटने सोडून दिलं होतं, ज्या शार्लटने त्या हंगामात ६६ पैकी फक्त सात सामने जिंकले. एवढ्या पडत्या संघालाही तो नको होता. ग्रीनला क्लीव्हलंडने काढलं आणि स्वतः स्पर्सनीही दोनदा काढून परत घेतलं होतं. ऑस्ट्रेलियाचा पॅटी मिल्स चीनमध्ये खेळून आला होता. २०१३ च्या उन्हाळ्यात त्याने वजन उतरवलं आणि शिबिराला वेगळाच माणूस म्हणून हजर झाला.

आक्रमणाचा नियम अर्ध्या सेकंदाचा : चेंडू हातात आला की अर्ध्या सेकंदात ठरव, मारायचा, पास द्यायचा की आत घुसायचं. हातात धरून विचार करत बसायचं नाही. चांगली संधी असली तरी शेजाऱ्याला त्याहून चांगली असेल तर त्याला द्यायची. चेंडू पंगतीतल्या वाढप्यासारखा फिरायचा, कुणापाशी रेंगाळायचा नाही. संघात सर्वाधिक गुण पार्करचे, सरासरी १६.७. विजेत्या संघाच्या पहिल्या खेळाडूसाठी हा आकडा फारच कमी आहे.

खोलीच्या आतल्या गोष्टींबद्दल लिहिताना लोक भावुक होतात, म्हणून दोनच नोंदी. ड्रेसिंग रूममध्ये पत्रकार जेकब रिस यांचं पाथरवटाबद्दलचं एक वचन लावलेलं असायचं. शंभर घाव घालून दगडाला तडा जात नाही, एकशेएकाव्याला तो दुभंगतो, पण तो एकट्या त्या घावाने नाही, असा त्याचा आशय. असली वचनं सगळीकडे भिंतींवर लटकतात. इथे ती खेळाडूंच्या भाषांतही लावली होती, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज वगैरे. दुसरी नोंद : जून २०१४ मध्ये फायनल तोंडावर असताना पॉपोविचनी एका बैठकीत एडी माबोंविषयी सांगितलं. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क ज्यांच्या खटल्यामुळे ३ जून १९९२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, ते माबो टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरचे. मिल्सचं मूळही तिथलंच. बेंचवरून येणाऱ्या एका गार्डच्या (चेंडू पुढे नेणाऱ्या चपळ खेळाडूच्या) माणसांचा इतिहास फायनलच्या आठवड्यात अख्ख्या संघाला सांगणं, याचा बास्केटबॉलशी संबंध काय? उत्तर पाचव्या सामन्यात मिळालं, पण ते पुढे.

दुसऱ्यांदा तेच

प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्या फेरीत डॅलसने सातव्या सामन्यापर्यंत दमवलं. पोर्टलंड सोपं गेलं. ३१ मे ला ओक्लाहोमा सिटीला जादा वेळेत हरवून पश्चिमेचं विजेतेपद मिळालं, आणि एरवी तोंड न उघडणारा डंकन कॅमेऱ्यासमोर बोलून गेला की अजून चार जिंकायचेत आणि या वेळी जिंकणारच. सगळ्यांनी कान टवकारले.

५ जूनला सॅन अँटोनियोत पहिला सामना, आणि स्टेडियमची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली. आत ३२ अंशांच्या आसपास तापमान. लेब्रॉनच्या पायांत गोळे आले आणि शेवटच्या मिनिटांत त्याला उचलून न्यावं लागलं. ११०-९५. दहा-दहा माणसं आळीपाळीने खेळवणाऱ्या संघाला उकाड्याचा त्रास कमी झाला, हे उघड आहे. ते श्रेय असेल तर थोडं बिघडलेल्या यंत्रालाही द्यावं लागेल. दुसरा सामना हीटने ९८-९६ असा घेतला. १-१, पुढचे दोन मायामीत. गेल्या वर्षीचं भूत आता उठणार असं वाटत होतं.

तिसऱ्या सामन्यासाठी पॉपोविचनी स्प्लिटरला बसवून डियॉला सुरुवातीपासून खेळवलं. हाच तो डियॉ, ज्याच्यासाठी डंकनला बसवल्याबद्दल वर्षभर शिव्या खाल्ल्या होत्या. आता दोघं एकत्र मैदानावर होते. डियॉ सेंटरच्या शरीराचा आणि गार्डच्या नजरेचा खेळाडू. तो टोकावर उभा राहून पास द्यायला लागला आणि हीटचा बचाव, जो चेंडूवाल्यावर दोघं-दोघं झडप घालून जगत होता, उघडा पडला. दोघं चेंडूकडे धावले की चेंडू निघून गेलेला. तिसरा माणूस वळेपर्यंत कोपऱ्यात चौथा मोकळा. स्पर्सचे पहिल्या २१ पैकी १९ फटके आत गेले. पहिल्या अर्ध्यात ७१ गुण आणि ७५.८ टक्के अचूकता, फायनलच्या इतिहासातली सर्वोत्तम. लेनर्डचे २९ गुण. निकाल १११-९२. चौथा सामना १०७-८६.

१५ जूनचा पाचवा सामना सुरू झाला आणि हीटने २२-६ अशी आघाडी घेतली. जिनोबिली आत आला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याने, ३६ वर्षांच्या माणसाने, मधून धाव घेत बॉशच्या अंगावरून चेंडू बास्केटमध्ये कोंबला, त्याच बॉशच्या, ज्याने तो रिबाउंड ओढला होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मिल्सने फटक्यांचा सपाटा लावून १४ गुण काढले आणि सामना संपल्यात जमा झाला. १०४-८७, मालिका ४-१. पाच सामन्यांतला एकूण फरक ७० गुणांचा. सामनागणिक १४ गुणांची आघाडी फायनलमध्ये त्याआधी कुणी घेतली नव्हती. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू, वर्षापूर्वी एक फ्री थ्रो हुकवलेला, कवाय लेनर्ड. काही आठवड्यांत लेब्रॉन मायामी सोडून क्लीव्हलंडला परतला.

काय घ्यायचं, काय नाही

नक्कल करणाऱ्यांची कमतरता नाही. एनबीएतले कितीतरी प्रशिक्षक आणि मॅनेजर स्पर्सच्या घरातून बाहेर पडले आहेत. मिनिटं वाटणं, मुख्य खेळाडूंना सामन्याबाहेर बसवून जपणं आज सगळेच करतात, इतकं की लीगला त्यावर नियम करावे लागले. परदेशी खेळाडू शोधण्यातलं गुपितही उरलेलं नाही. हातात न येणारा भाग वेगळाच आहे : संघातला सर्वांत मोठा खेळाडू सर्वांसमोर बोलणी खायला तयार होता. पॉपोविच डंकनला सरावात झापायचे आणि तो गप्प ऐकायचा. त्यानंतर बेंचवरच्या बाराव्या माणसाला तोंड वर करून बोलायची सोयच उरत नव्हती. पगार निम्म्यावर आला, मिनिटं कमी झाली, फायनलच्या निर्णायक क्षणी बाहेर बसवलं, आणि डंकनने एका शब्दाने तक्रार केली नाही. संस्कृती म्हणून जे विकलं जातं त्याचा बराचसा भाग म्हणजे एका माणसाची संमती होती.

याचा उलटा पुरावा पुढे आलाच. डंकन जुलै २०१६ मध्ये निवृत्त झाला. २०१७-१८ मध्ये लेनर्डची मांडी दुखावली. संघाच्या डॉक्टरांनी तो खेळू शकतो असं सांगितलं, त्याच्या माणसांनी बाहेरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतला, आणि तो हंगामात नऊ सामने खेळला. पार्करलाही तशीच दुखापत होऊन गेली होती. आपली शंभर पटींनी वाईट होती असं तो पत्रकारांसमोर बोलून बसला. ज्या संघात घरातली भांडणं बाहेर येत नसत, तिथे हे झालं. लेनर्ड खरा होता की संघ, यावर मी निकाल देणार नाही. आपल्या शरीराबद्दल खेळाडूला शंका घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण चित्रफीत लावायची, एका टेबलावर बसायचं, पाठीवर हात ठेवायचा ही सगळी हत्यारं समोरच्याने ऐकायचं ठरवलं असेल तरच चालतात. जुलै २०१८ मध्ये ग्रीनसोबत त्याला टोरांटोला दिलं गेलं आणि २०१९ मध्ये टोरांटो विजेते झाले. २०१८ च्याच उन्हाळ्यात पार्कर शार्लटला गेला आणि जिनोबिलीने निवृत्ती घेतली.

स्पर्स २०१९ पर्यंत सलग २२ हंगाम प्लेऑफमध्ये होते. ती साखळी २०२० मध्ये तुटली. मग काही वर्षं ते चांगलेच हरले, आणि २०२३ च्या सोडतीत पहिली चिठ्ठी पुन्हा त्यांचीच निघाली. या वेळी फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बान्यामा. पॉपोविचनी १,४२२ विजयांचा विक्रम करून, पक्षाघाताच्या आजारपणानंतर, मे २०२५ मध्ये प्रशिक्षकपद सोडलं आणि मिच जॉन्सन त्यांच्या जागी आले. नव्या मुलाला झापायचं की नाही, हे आता त्यांना ठरवायचं आहे.